बाबांची पोळी सुरू ठेवा, झोपेची गोळी डॉक्टरांना दाखवा

पत्र

माझ्या वडिलांचं वय ६४, वजन साधारण ६० किलो. मधुमेह आणि फॅटी लिव्हरमधून सिऱ्होसिस (यकृत कायमचं कडक होणं) झाल्याचं दोन वर्षांपूर्वी कळलं. पोटात पाणी होतं म्हणून लघवीच्या गोळ्या चालू आहेत. दीड महिन्यापूर्वी ते एकाएकी असंबद्ध बोलू लागले, घरातल्या घरात वाट चुकले. चार दिवस दवाखान्यात होते. ‘अमोनिया वाढला’ असं सांगून लॅक्ट्युलोजचं सिरप दिलं. त्याने सारखं संडासला जावं लागतं, बाहेर पडायची लाज वाटते, म्हणून ते आता एक दिवसाआड घेतात. रात्रभर जागे असतात आणि दिवसा पेंगतात. आईने मेडिकलमधून अल्प्राझोलाम ०.५ ची पट्टी आणली. गेले तीन आठवडे रोज रात्री अर्धी गोळी आणि दुधात उगाळलेलं जायफळ देते. नातेवाइकांच्या सांगण्यावरून डाळ, दूध, पनीर बंद आहे. आता मी वाचलं की गहू आणि बटाट्यातही झोपेच्या गोळीतलं द्रव्य निसर्गतःच असतं आणि लिव्हर बिघडलं की ते मेंदूत साठतं. मग पोळी आणि बटाटाही बंद करायचा का? आणि मग त्यांनी खायचं तरी काय?
– एक लेक, सांगली जिल्हा

उत्तर

ताई, पोळी बंद करू नका, बटाटाही नको. डाळ आणि दूध आजपासून परत सुरू करा. लॅक्ट्युलोज रोज द्या. आणि अल्प्राझोलामची पट्टी घेऊन उद्याच वडिलांच्या डॉक्टरांना भेटा. आई हे सगळं मायेपोटी करत आहेत. त्यांना कारण कळलं तर त्या स्वतःच पट्टी कपाटातून काढून देतील, म्हणून कारणांसकट लिहीत आहोत.

तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. अल्प्राझोलाम, डायझेपाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम या गोळ्यांच्या कुळाला बेन्झोडायझेपिन म्हणतात. कुळातलं पहिलं औषध क्लोरडायझेपॉक्साइड लिओ स्टर्नबाख यांनी १९५५ मध्ये प्रयोगशाळेत तयार केलं आणि १९६० मध्ये ते बाजारात आलं. पाठोपाठ १९६३ मध्ये डायझेपाम आलं. पुढे १९८० च्या दशकात गव्हाच्या आणि बटाट्याच्या नमुन्यांत डायझेपाम आणि त्याचं भावंड डेसमिथाइलडायझेपाम सापडलं. हा औषधांचाच अंश कुठून तरी मिसळला असावा अशी शंका येणं साहजिक होतं. पण १९४० पासून जतन करून ठेवलेल्या मानवी मेंदूंच्या नमुन्यांतही अशी द्रव्यं मिळाली. तेव्हा तर हे औषध जन्मालाही आलं नव्हतं. म्हणजे ही द्रव्यं निसर्गात आहेत हे खरं.

यकृताच्या आजारात येणाऱ्या गुंगीशी त्यांचा संबंध जोडला गेला तो असा. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं. ते मेंदूच्या पेशींचा ब्रेक आहे. बेन्झोडायझेपिनची गोळी हा ब्रेक स्वतः लावत नाही, पण लागलेला ब्रेक जास्त घट्ट करते. यकृत निकामी झाल्यावर येणारी सुस्ती आणि बेशुद्धी म्हणजे हाच ब्रेक जास्त लागणं असावं, असा विचार १९८२ मध्ये मांडला गेला. १९९१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास आला. पॅरासिटामॉलच्या विषबाधेने यकृत बंद पडून दगावलेल्या ११ जणांच्या मेंदूंची त्यात तपासणी होती. त्यातल्या ६ जणांच्या मेंदूत बेन्झोडायझेपिनसारखी द्रव्यं वाढलेली होती. बाकीच्या पाच जणांच्या मेंदूत ती तशी वाढलेली नव्हती, तरी बेशुद्धी सगळ्यांनाच आली होती. हा आकडा ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा वाद त्यातच आहे.

फ्लुमाझेनिल हे इंजेक्शन बेन्झोडायझेपिनचा परिणाम उलटवतं. ते यकृताच्या रुग्णांना देऊन पाहिलं, तेव्हा काही जण थोड्या वेळात शुद्धीवर आले. बऱ्याच जणांवर काहीच परिणाम झाला नाही. जे जागे झाले त्यांचंही जागेपण टिकलं नाही, कारण या औषधाचा असर तासा-दीड तासात ओसरतो. मृत्यूचं प्रमाणही त्याने घटल्याचं दिसलं नाही. पुढे रक्ततपासण्या जास्त काटेकोर झाल्या, आणि रुग्णांनी आधी कोणत्या गोळ्या घेतल्या होत्या याची खोलात चौकशी होऊ लागली. तेव्हा कळलं की ‘नैसर्गिक’ म्हणून मोजलेल्या द्रव्यातला बराच भाग दवाखान्यात किंवा घरी दिलेल्या झोपेच्या गोळ्यांचाच होता. यकृताचा आजार नसताना वारंवार गाढ गुंगीत जाणारे काही रुग्णही एकेकाळी ‘शरीरातल्या नैसर्गिक बेन्झोडायझेपिनचे’ म्हणून नोंदले गेले होते. नंतर त्यांतल्या काहींच्या रक्तात सरळसरळ लोराझेपाम मिळालं. तुमच्या घरातली अर्धी गोळी आम्हाला इतकी महत्त्वाची का वाटते, ते यावरून ध्यानात येईल.

आता पोळीचा हिशेब करू. गव्हात हे द्रव्य नॅनोग्रॅमच्या पातळीवर असतं. एका ग्रॅम पिठात एक नॅनोग्रॅम धरलं, तर डायझेपामच्या ५ मिलिग्रॅमच्या एका गोळीइतकं द्रव्य मिळवायला ५,००० किलो पीठ खावं लागेल. ‘पण लिव्हर बिघडलंय, ते साठत जाईल ना?’ हाही प्रश्न रास्त आहे. सिऱ्होसिसमध्ये डायझेपाम शरीरातून निम्मं व्हायला सुमारे १०० तास लागतात असं धरू. वडील रोज ३०० ग्रॅम पीठ खातात असं समजू. मग कितीही महिने खाल्लं तरी साठा १,८०० नॅनोग्रॅमच्या आसपास थांबतो, कारण तेवढ्यावर रोज येणारं आणि रोज जाणारं सारखं होतं. हे दोन मायक्रोग्रॅमसुद्धा नाही. गोळीतला डोस त्याच्या अडीच हजारपटींहून जास्त आहे. म्हणून पोळीला धक्का लावायचं कारण नाही.

मग वडिलांच्या मेंदूवर गुंगी कशाने येते? मुख्य दोषी अमोनियाच. आतड्यातले जिवाणू आणि आतड्याच्या स्वतःच्या पेशी प्रथिनं व ग्लुटामिन नावाचं अमिनो आम्ल मोडताना अमोनिया तयार करतात. निरोगी यकृत त्याचं युरिया करून टाकतं. सिऱ्होसिसमध्ये यकृताचं बळ कमी झालेलं असतं, शिवाय बरंचसं रक्त यकृताला वळसा घालून थेट शरीरात जातं. मेंदूतल्या ॲस्ट्रोसाइट नावाच्या आधारपेशी हा अमोनिया ग्लुटामेटशी जोडून त्याचं ग्लुटामिन करतात. ग्लुटामिन पाणी ओढतं आणि पेशी फुगतात. त्याच पेशींमध्ये आणखी एक गोष्ट घडते. अमोनियामुळे त्यांच्यातलं एक प्रथिन चेतवलं जातं आणि अ‍ॅलोप्रेग्ननोलोनसारखे न्यूरोस्टेरॉइड, म्हणजे मेंदूतच बनणारे स्टेरॉइड, बनू लागतात. तेही गाबाचा तोच ब्रेक घट्ट करतात. यकृताच्या बेशुद्धीत दगावलेल्यांच्या मेंदूत हे द्रव्य वाढलेलं आढळलं आहे. ‘शरीर स्वतःच गुंगीचं औषध बनवतं’ या कल्पनेतला आज जास्त वजनदार भाग हाच आहे. या स्टेरॉइडला अडवणाऱ्या गोलेक्झानोलोन या औषधाच्या रुग्णांवर चाचण्या झाल्या आहेत, पण ते दुकानात मिळणारं औषध नाही. तोवर करण्यासारखं काम अमोनिया उतरवण्याचं आहे, आणि ते तुमच्या हातात आहे.

यातून अर्ध्या गोळीचा धोका कळतो. वडिलांचा ब्रेक आधीच अर्धवट लागलेला आहे. त्यावर अल्प्राझोलाम दिलं की तो आणखी घट्ट होतो. ही गोळी यकृताच्या आजारात हळू बाहेर पडते. निरोगी माणसात ती ११ तासांत निम्मी होते, तर यकृताच्या आजारात त्याला सरासरी २० तास लागतात. म्हणजे आज रात्रीची गोळी पूर्ण उतरायच्या आत उद्याची पोटात जाते. वडील दिवसा पेंगतात त्यात या गोळीचाही वाटा असू शकतो. शिवाय गुंगीत जेवण चुकतं, पाणी कमी पडतं, सिरप राहून जातं, बद्धकोष्ठता होते आणि अमोनिया वाढतो.

पण गोळी एकदम बंद करावी का, हे डॉक्टरांनी ठरवायचं. तीन आठवडे रोज पाव मिलिग्रॅम हा डोस लहान आहे, तरी तो कसा थांबवायचा हे त्यांना सगळं खरं सांगूनच ठरवा. महिनोन्‌महिने किंवा मोठ्या डोसमध्ये गोळी चालू असेल तर ती अचानक तोडल्यावर घाबरेपणा, थरथर, प्रसंगी फिट येऊ शकते. दारू सोडण्याच्या दिवसांतही डॉक्टर हेच औषधकूळ मुद्दाम, मोजून वापरतात. म्हणून ‘आमच्या ओळखीच्यांना दवाखान्यात लोराझेपाम दिलं होतं’ यावरून काही ठरवू नका. अल्प्राझोलाम शेड्यूल एच-१ मध्ये आहे. चिठ्ठीशिवाय ते देता येत नाही आणि विक्रीची नोंद ठेवावी लागते. मेडिकलवाल्याने ओळखीखातर दिलं असेल, तर पुढच्या वेळी ‘घरात सिऱ्होसिसचा पेशंट आहे’ हे त्यांनाही सांगून ठेवा.

हीच खबरदारी इतर औषधांबाबत घ्या. क्लोनाझेपाम, डायझेपाम, झोल्पिडेम आणि ट्रॅमाडॉल टाळा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही नको. सर्दीच्या गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं, खाज सुटली की फेनिरामिन किंवा हायड्रॉक्सिझिन दिलं जातं, पाय दुखले की प्रेगाबालिन दिलं जातं. ही सगळी गुंगी आणणारी आहेत. सिऱ्होसिसमध्ये खाज येणं नेहमीचं आहे आणि गुंगीची गोळी बहुतेकदा त्याच वाटेने घरात शिरते. खाजेवर वेगळे उपाय आहेत, तेच डॉक्टरांकडे मागा. दुखण्यावर पॅरासिटामॉल दिवसभरात एकूण २ ग्रॅमपर्यंत चालतं, म्हणजे ५०० च्या चार गोळ्यांच्या वर नाही. अनेकांना हे उलटं वाटतं, पण डायक्लोफेनॅक आणि आयब्युप्रोफेन वडिलांसाठी जास्त धोक्याचे आहेत. त्यांनी मूत्रपिंडावर ताण येतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. ॲसिडिटीची पँटोप्राझोलसारखी गोळी सवयीने चालू असेल तर ‘याची खरंच गरज आहे का?’ असं विचारा. ती दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये यकृताच्या आजारातली ही गुंगी जास्त आढळली आहे.

जायफळाबद्दल. श्रीखंडात किंवा पुरणात चिमूटभर असेल तर काही होत नाही. रोज रात्री औषध म्हणून उगाळून द्यायचं मात्र थांबवा. गुंगी आणण्याच्या हेतूने दिलेली वस्तू घरची असो की दुकानातली, या मेंदूला ती नको. तगर, जटामांसी, भांग आणि खसखशीचे दाट काढे त्याच रांगेतले. ‘लिव्हर टॉनिक’ म्हणून येणाऱ्या पुड्या आणि काढ्यांपासून तर दूरच राहा. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली होती. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झाल्याचं त्यांनी नोंदवलं. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मानला नाही. वाद काहीही असो, ज्याच्या यकृतात राखीव बळच उरलेलं नाही त्याच्यावर ती जोखीम का घ्यायची? अश्वगंधेनेही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

आता लॅक्ट्युलोज. सगळा उपचार याच बाटलीवर उभा आहे आणि घरोघरी घोटाळा होतो तोही इथेच. हे नुसतं जुलाबाचं औषध नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात, आतडं आम्लधर्मी होतं, अमोनिया अमोनियम होऊन तिथेच अडकतो आणि मलावाटे बाहेर जातो. म्हणून इसबगोल, एरंडेल किंवा त्रिफळा ही त्याला पर्यायी औषधं नाहीत, त्यांनी पोट साफ झालं तरीही. बाटलीवर १५ मिलिलीटरमध्ये १० ग्रॅम असं लिहिलेलं असतं. सुरुवात साधारण २५ मिलिलीटर दिवसातून दोनदा अशी करतात. पण ध्येय मिलिलीटरचं नसतं, तर दिवसाला दोन ते तीन मऊ शौचांचं असतं. तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेल्या डोसपासून सुरू करा आणि तो कसा वाढवायचा-कमी करायचा हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. साधारण रीत अशी असते: दुपारपर्यंत एकही शौच झालं नाही तर एक जादा डोस. दोन-तीन झाले तर आहे तेच. चारच्या वर गेले किंवा पाण्यासारखे झाले तर पुढचा डोस निम्मा. शून्य मात्र नाही.

एक दिवसाआड घेण्यात दोन्ही बाजूंनी नुकसान होतं. न घेतलेल्या दिवशी अमोनिया साठतो, घेतलेल्या दिवशी एकदम जुलाब होतात. आणि जास्त जुलाब हा वेगळाच धोका आहे. शरीरातलं पाणी आणि पोटॅशियम कमी झालं की मूत्रपिंड जास्त अमोनिया बनवू लागतं, आणि ज्या औषधाने गुंगी उतरायची त्याच औषधाच्या अतिरेकाने ती परत येते. जुलाब किंवा उलट्या होत असतील त्या दिवशी लघवीच्या गोळ्या द्यायच्या की नाही, हे फोन करून विचारल्याशिवाय देऊ नका.

लाजेचा प्रश्न खरा आहे. तो झटकून टाकण्यासारखा नाही. पहिला डोस सकाळी उठल्याउठल्या द्या, म्हणजे दोन शौच बहुधा बाहेर पडायच्या आत होऊन जातील. दुसरा संध्याकाळी सहा-सातला द्या, रात्री झोपताना नको, नाहीतर रात्रीची झोप मोडते. गोड चव सहन होत नसेल तर गार पाण्यात किंवा लिंबूपाण्यात मिसळा. पोट फुगणं आणि वारा सरणं पहिले एक-दोन आठवडे जास्त असतं, मग कमी होतं. मधुमेह असला तरी सिरप चालतं, कारण ते जवळपास सगळं न पचता मोठ्या आतड्यात जातं. साखर नेहमीप्रमाणे तपासत राहा इतकंच. आणि चमचे घरागणिक वेगळे असतात, म्हणून बाटलीबरोबर मिळणाऱ्या मापाच्या टोपणानेच मोजा.

रिफॅक्सिमिनबद्दल डॉक्टरांना विचारा. हे आतड्यातच राहणारं प्रतिजैविक आहे, ५५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत आधी वडिलांसारखे गुंगीचे झटके येऊन गेलेले २९९ रुग्ण होते, आणि बहुतेक सगळे लॅक्ट्युलोजवर होते. सहा महिन्यांत रिफॅक्सिमिन घेणाऱ्यांपैकी सुमारे २२ टक्क्यांना परत झटका आला, न घेणाऱ्यांत ४६ टक्क्यांना. ते साधारणपणे लॅक्ट्युलोजच्या जोडीला देतात, त्याच्या जागी नाही. वडिलांना एक झटका आला आहे. पण त्या वेळी लॅक्ट्युलोज चालू नव्हतं. त्यामुळे आधी सिरप नीट घेऊन पाहू, असं डॉक्टर म्हणाले तर तेही योग्यच.

आता जेवण. डाळ-दूध बंद करणं हा जुना समज आहे, आणि आजारापेक्षा जास्त नुकसान तो करतो. यकृत थकलं की अमोनिया पकडायचं बरंच काम स्नायू करतात. प्रथिनं तोडली की स्नायू झिजतात आणि तो आधारही जातो. सिऱ्होसिसच्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोला ७२ ते ९० ग्रॅम. पोटात पाणी असेल तर ते वजा करून वजन धरायचं. शाकाहारी ताटात हे असं बसतं: दिवसभरात गहू-ज्वारीचं २०० ग्रॅम पीठ म्हणजे सुमारे २० ग्रॅम प्रथिनं, ६० ग्रॅम कोरडी डाळ किंवा मटकी १३ ते १४, अर्धा लीटर दूध १६, दोन वाट्या दही ७ ते १०, ५० ग्रॅम पनीर ९, मूठभर फुटाणे ६. हे सत्तरीच्या थोडं वर जातं. वर २० ग्रॅम सोयाबीन वड्या आमटीत टाकल्या की ८० पार. डाळी आणि दुधातली प्रथिनं मटणापेक्षा या आजारात चांगली सोसतात, शिवाय उसळींतल्या चोथ्याने पोट साफ राहतं. कॅलरी दर किलोमागे ३० ते ३५. मीठ मात्र कमी, दिवसाला ५ ग्रॅमच्या आसपास. म्हणून लोणचं, पापड, दुकानातलं फरसाण नको.

सिऱ्होसिसमध्ये यकृत साखरेचा साठा पुरेसा ठेवू शकत नाही. रात्रीचे दहा-बारा तास पोट रिकामं राहिलं तर शरीर स्नायू मोडून साखर बनवतं. त्यासाठी झोपण्यापूर्वी ५० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असलेलं थोडं खाणं द्यावं. दोन पोळ्या कपभर दुधात कुस्करून दिल्या की तेवढी कर्बोदकं होतात, वर १२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनंही मिळतात. जी पोळी बंद करायची म्हणून तुम्ही घाबरलात, ती या वेळेला उलट हवीच आहे. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिनची वेळ आणि मात्रा त्यानुसार बदलायला लागेल, म्हणून या खाण्याबद्दल डॉक्टरांना आधी सांगा.

रात्री जागणं आणि दिवसा पेंगणं हे या आजाराचंच लक्षण आहे. अमोनिया हाताबाहेर जाऊ लागला की झोपेचं घड्याळ बहुतेकदा आधी उलटतं, असंबद्ध बोलणं नंतर येतं. म्हणून वडील रात्री जागत असतील तर ‘झोप नाही’ असं न म्हणता ‘आज शौच किती वेळा झालं?’ असं विचारा. झोपेसाठी करण्यासारखंही आहे. सकाळी अर्धा तास उन्हात किंवा अंगणात बसवा. दुपारची झोप अर्ध्या तासावर नको. लघवीच्या गोळ्या सकाळी द्या, संध्याकाळी नकोत. चहा चारनंतर नको. पायात गोळे येत असतील तर पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासून घ्या. इतकं करूनही झोप लागत नसेल तर मेलाटोनिनसारखा पर्याय चालेल का हे डॉक्टर बघतील.

घरी रोज संध्याकाळी दोन मिनिटांची तपासणी करा. एका मिनिटात जेवढ्या प्राण्यांची नावं आठवतील तेवढी सांगायला लावा. पंधरा किंवा जास्त आली तर ठीक, दहापेक्षा कमी आली तर मेंदूवर परिणाम होतो आहे असं समजायचं. शाळा कमी झाली असेल तर आकडा थोडा कमी भरतो, म्हणून वडिलांचा चांगल्या दिवसाचा आकडा आधी लिहून ठेवा. मग दोन्ही हात समोर ताठ करून, मनगट वर वळवून, बोटं फाकवून अर्धा मिनिट धरायला सांगा. तळवे मधूनमधून खाली गळत असतील तर ते लक्षण आहे. शेवटी वहीत तारीख घालून सही करायला सांगा. सही बिघडत चालली की पानं चाळताना लगेच कळतं. त्याच वहीत शौचांची संख्या, सिरपचे डोस, वजन आणि झोपेचे तास लिहा. डॉक्टरांना अमोनियाच्या एका आकड्यापेक्षा ही वही जास्त उपयोगी पडेल. तो आकडा फसवा असतो. रक्त काढताना दंडाला पट्टा घट्ट बांधला, मूठ वळवायला लावली, किंवा नमुना बर्फात न ठेवता उशिरा तपासला तरी अमोनिया वाढलेला दिसतो. आकडा किती, यावरून गुंगी किती हे ठरत नाही. गुंगी असून अमोनिया अगदी सामान्य आला, तर मात्र दुसरं कारण शोधायला हवं. साखर कमी होणं, डोक्याला मार लागणं किंवा घेतलेली एखादी गोळी यांपैकी काहीही असू शकतं. घरी ग्लुकोमीटर असेल तर भान हरपल्याचं दिसताक्षणी आधी साखर बघा.

या दिवसांत त्यांना दुचाकी किंवा ट्रॅक्टर चालवू देऊ नका. पैशांचे व्यवहार, जमिनीच्या कागदांवर सह्या, गॅसवरचं काम दुसऱ्याने करावं. हात थरथरत नसले तरी निर्णयाचा वेग कमी झालेला असतो आणि तो माणसाला स्वतःला जाणवत नाही.

दवाखान्यात लगेच न्यायचं ते अशा वेळी: हाक मारून नीट उठत नाहीत, रक्ताची उलटी, डांबरासारखं काळं शौच, ताप, पोटात दुखणं, लघवी खूप कमी होणं, किंवा गुंगी आहे आणि २४ तासांत शौच नाही. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, पण या घरात ते गृहीत धरू नका. ताप आणि पोटदुखी दोन्ही नसतानाही पोटातल्या पाण्याला संसर्ग झालेला असू शकतो आणि त्याची पहिली खूण कधीकधी नुसती गुंगी असते. म्हणून अशा रुग्णाच्या पोटातलं पाणी सुईने काढून तपासतात. डॉक्टरांनी सुचवलं तर नको म्हणू नका. गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात सिरप किंवा पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर झोपवा, १०८ ला फोन करा आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून बरोबर न्या. झोपेची गोळी किती वाजता दिली हे आईने न घाबरता सांगायला हवं. ते कळलं तर फ्लुमाझेनिल द्यायचं का हे तिथले डॉक्टर ठरवू शकतात. अशा वेळी त्या इंजेक्शनचा खरा उपयोग असतो.

उद्याच्या भेटीत पट्टी दाखवाल, सिरपचा डोस लिहून घ्याल. त्याशिवाय सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन कधी तपासलं ते विचारा. लघवीच्या गोळ्यांचा डोस आता तेवढाच ठेवायचा का, हेही विचारा. आणि एक प्रश्न सहसा उशिरा विचारला जातो, तो आत्ताच विचारा: यकृत प्रत्यारोपणासाठी मूल्यमापन करून घ्यायचं का? गुंगीचा झटका येऊन गेला की हा विचार सुरू करायची वेळ झालेली असते. महाराष्ट्रात मृत दात्याच्या यकृतासाठीची प्रतीक्षायादी विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र ठेवतं आणि नाव नोंदवतं ते प्रत्यारोपणाची परवानगी असलेलं रुग्णालय. तुमच्या भागातून पुण्याच्या केंद्राशी जोडलेलं रुग्णालय जवळ पडेल. त्यासाठी चिठ्ठी लिहून द्यायला सांगा.